झुरळांचं जेल, खडू, स्प्रे आणि वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट: एका पोळीभाजीवालीचा रिव्ह्यू

जेल घ्या. स्प्रे घरात असेलच तर तो मोरीसाठी ठेवा, ओट्याखाली मारू नका. खडूवर पैसे घालू नका. आणि पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करायचंच असेल तर सही करायच्या आधी आलेल्या माणसाला सांगा, "आधी ट्रॉल्या काढून बघा, मग भाव बोला." ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. हे असं का, ते खाली आहे आणि ते जरा लांबलं आहे.

मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि घरातूनच पोळीभाजीचे डबे देते. इमारत जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे डक्ट, त्यातून अख्ख्या बिल्डिंगचे पाइप खाली उतरतात. तळमजल्यावर किराणा दुकान. पहाटे साडेचारला शेगडी पेटते ती अकराला बंद होते. ऊब, ओल आणि सांडलेलं पीठ, झुरळाला लागतं ते सगळं आमच्याकडे हजर. सासूबाईंच्या मते डबे देणाऱ्या बाईने झुरळांवर चारचौघांत लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. मला तसं वाटत नाही. "आमच्याकडे नाहीत हो झुरळं" असं जिथे सांगतात तिथे रात्री दीड वाजता सिंकखालचं दार उघडून कुणी बघितलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. माझी गिऱ्हाइकं हे वाचत असतील तर वाचू देत. त्यांची पोळी लाटली जाते त्या ओट्यावर काय मारलं जातं आणि काय नाही, हे तरी कळेल.

शिवाय या विषयात माझं थोडं शिक्षण झालेलं आहे. बी.एस्सी.ला झूऑलॉजी होतं. मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ टाचायचं, पाणी घालायचं, लाळग्रंथी न फाटता सोडवून काचपट्टीवर घ्यायच्या आणि बाई येईपर्यंत श्वास रोखून बसायचं. ते झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. लग्नानंतर "त्या पदवीचा काय उपयोग झाला?" असं विचारणारे नातेवाईक आता फोन करून जेल कुठे लावायचं ते विचारतात.

तर आधी ओळख. दोन जातींच्या झुरळांवर दोन वेगळे उपाय आहेत आणि दुकानदार दोन्हींसाठी एकच डबा पुढे करतो.

मोठं झुरळ, म्हणजे ते प्रॅक्टिकलवालं, साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, तांबूस, डोक्यामागच्या ढालीला पिवळसर कड. ते आपल्या घरात राहत नाही. त्याचा मुक्काम ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, डक्टमधल्या पाइपांवर, मोरीच्या जाळीखाली. रात्री ते वर येतं, कधी उडतंही. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात चेंबर भरले की बिल्डिंगमध्ये ज्या किंकाळ्या ऐकू येतात त्या याच्या नावाच्या. एखादं दिसलं म्हणून घरभर औषध मारायचं कारण नाही. जाळी बघायची.

लहान झुरळ सव्वा ते दीड सेंटिमीटर, फिकट तपकिरी, आणि ढालीवर शेजारी शेजारी दोन काळ्या उभ्या रेघा. हे मोठ्या झुरळाचं पिल्लू आहे असं आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच वाटतं. पंख बघा. पंख फुटलेलं झुरळ आणखी वाढत नाही, ते तेवढंच राहणार. हे जर्मन झुरळ, ब्लाटेला जर्मॅनिका. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७६७ साली तसं नाव दिलं, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते साधारण २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून निघालं आणि माणसाच्या वस्तीला चिकटलं. रानात ते सापडत नाही. म्हणजे हे कुठून तरी आलंय असं म्हणायची सोय नाही, इथलंच आहे.

खरी डोकेदुखी याचीच. मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि फुटायची वेळ झाली की मगच सोडते. एका डबीत तीस-चाळीस अंडी. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन महिने पुरतात. मोठ्या झुरळाच्या डबीत चौदा-सोळाच अंडी असतात आणि वाढायला सहा महिन्यांपासून वर्षाच्या वरही लागतात. म्हणून मोठं झुरळ बघून ओरडायचं आणि लहान दिसलं की चपलेने मारून झोपायला जायचं, ही आपली रीत बरोबर उलटी आहे. दिवसाढवळ्या ओट्यावर लहान झुरळ फिरताना दिसलं तर समजायचं, आत जागा उरलेली नाही.

आता वस्तूंकडे येते.

चिकट सापळ्यापासून सुरुवात करते, कारण हा आमच्याकडे कुणीच विकत घेत नाही आणि पाचपैकी पाच मी यालाच देईन. पुठ्ठ्याची छोटी घडी, आत गोंद, मधे वासाची गोळी. उंदरांचा मोठा येतो तो नव्हे. याने झुरळं संपत नाहीत आणि ती अपेक्षाही धरू नये. तो झुरळं कुठे आहेत ते सांगतो. झुरळ उघड्यावरून जात नाही, कडेकडेने, अंग घासत पळतं. म्हणून सापळा भिंतीला अगदी चिकटवून ठेवायचा: सिंकखाली, फ्रीजमागे, शेगडीखालच्या कप्प्यात, आणि उंचावरही एखादा.

माझा सगळा संशय फ्रीजवर होता. फ्रीजमागच्या सापळ्यात किरकोळ दोन-तीन अडकली. शेगडीखालचा कोराच. आणि सिंकच्या वर, भिंतीवर पाण्याचं आरओ मशीन आहे, त्याच्या माथ्यावर सहज म्हणून ठेवलेला सापळा पिल्लांनी काळा झाला होता. स्क्रू ड्रायव्हर घेऊन मशीनचं मागचं झाकण काढलं. आतला ॲडॅप्टर चोवीस तास कोमट. त्याच्या भोवती चहाच्या भुकटीसारखी काळी विष्ठा, कोपऱ्यात टाकलेल्या कातींचा खच, पारदर्शक, मिशांसकट. फिल्टरच्या नळीच्या जोडातून पाणी झिरपत होतं, थेंब थेंब. आणि त्या जोडाखाली डबी धरलेल्या माद्या, एकीला एक खेटून. उजेड पडल्यावर पिल्लं पांगली, पण त्या माद्यांनी आधी मिशा हलवल्या आणि मग सावकाश वायरीच्या मागे सरकल्या. ज्या यंत्रातून आपण शुद्ध म्हणून पाणी पितो त्याची मागची बाजू कुणी बघतच नाही. सर्व्हिसवाला पुढचे फिल्टर बदलतो आणि निघतो. घरी जाऊन बघा.

याच धर्तीवर आणखी काही जागा: ट्रॉलीचे चॅनेल, कपाटाच्या दारांच्या बिजागऱ्या, फ्रीजच्या दाराच्या रबराची घडी, मिक्सरचं बूड, मायक्रोवेव्हच्या घड्याळाचा भाग, स्विचबोर्ड, गॅसची नळी भिंतीतून येते ते भोक. बिजागरीजवळ काळे ठिपके दिसले तर तो गंज समजून पुसून टाकू नका, आधी नीट बघा.

खडूबद्दल थोडक्यात. त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. झुरळ रेघ ओलांडताना पायाला पूड लागली तर मरतं, हे खरं. पण बरीचशी झुरळं रेघेला वळसा घालतात, ओल्या फडक्याने रेघ पुसली जाते, आणि पुसली नाही तर ती पूड स्वयंपाकघरात उडते. लहान मुलांच्या घरात तर पाटीवरच्या खडूसारखी दिसणारी विषारी वस्तू आणूच नये. पाचपैकी एक.

डांबराच्या गोळ्या सिंकमध्ये टाकणं: उघड्या जागेत त्याने झुरळ मरत नाही, आणि काही तान्ह्या मुलांना त्यातल्या नॅफ्थलीनच्या वाफेनेही कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. तमालपत्र, काकडीच्या साली, लवंगा: भाजीत घाला. भिंतीतल्या प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती की दावे सिद्ध करा. आपल्याकडे ती अजून ऑनलाइन धडाक्यात खपतात. आमच्या नणंदेकडे आहे. त्या यंत्राच्याच आत झुरळं राहतात, कारण ते कोमट असतं.

बोरिक पावडर मात्र थट्टेवारी नेऊ नका. कॅरमसाठी आणतो ती बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या आमच्या आईकडे फडताळामागे असायच्या. ते औषध खरंच चालतं. झुरळ गोळी खातं, किंवा पावडर अंगाला लागली तर मिशा-पाय तोंडाने साफ करताना ती त्याच्या पोटात जाते. चालतं पण सावकाश, आणि गोळी कोरडी राहिली तरच. माझी अडचण वेगळी आहे: माझ्या ओट्यावर दिवसभर कणकेचे गोळे असतात. तिथे विषाचे कणकेचे गोळे ठेवणं मला जमणार नाही. ज्यांच्याकडे रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर आहे त्यांनीही ठेवू नयेत.

स्प्रे. रांगणाऱ्या किड्यांसाठीचा कुठलाही घ्या, आत बहुधा पायरेथ्रॉइडच असतं. फवारा बसला की झुरळ उलथं पडतं, पाय झाडतं, आपल्याला समाधान मिळतं. मोरीतल्या मोठ्या झुरळावर हे उत्तम आणि त्या कामासाठी मी डबा ठेवतेच. पण लहान झुरळांच्या वस्तीवर मारलात तर पुढची दहा मरतात आणि मागची शंभर पांगतात. आधी सिंकखाली असतात, मग टीव्हीच्या कपाटात आणि कपड्यांच्या खणात निघतात. डबीतल्या अंड्यांना सहसा काही होत नाही. शिवाय जर्मन झुरळ या औषधांना पुरून उरायला लागलंय. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की एका औषधापासून वाचलेली पिढी कधी कधी न वापरलेल्या दुसऱ्या गटातल्या औषधांनाही दाद देत नाही. आणि एक घरगुती सूचना: शेगडी चालू असताना स्प्रे मारू नका. डब्यातला दाबाचा वायू पेट घेतो, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. वाचतं कोण.

आता जेल. वीस ग्रॅमची ट्यूब, इंजेक्शनच्या आकाराची, दोनशेच्या आसपास. हे वाण्याकडेही मिळतं, पण पॅकवर कंपनीच्या नावापेक्षा औषधाचं नाव वाचा. साधारण तीन दिसतील: फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, इंडोक्साकार्ब. मी आणलेल्यात फिप्रोनिल ०.०५ टक्के होतं. हिशेब करा, अख्ख्या ट्यूबमध्ये औषध दहा मिलिग्रॅम, बाकी सगळा गोडसर खाऊ. म्हणूनच मला हे स्वयंपाकघरात चालतं. फवारणी हवेत जाते, भांड्यांवर बसते. जेल जिथे लावाल तिथेच राहतं. आपल्याकडे कीटकनाशकाच्या प्रत्येक पॅकवर कोनावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घरात आणण्याआधी तो रंग बघायची सवय लावा.

जेलची खुबी अशी की ते लगेच मारत नाही. झुरळ खातं, परत आपल्या फटीत जातं आणि तिथे मरतं. झुरळं एकमेकांची विष्ठा खातात, मेलेली झुरळं खातात, पिल्लं तर फटीतून फारशी बाहेर न पडता यावरच वाढतात. त्यामुळे जी बाहेर आलीच नाहीत त्यांच्यापर्यंतही औषध पोचतं. किळसवाणं आहे, पण याच किळसवाण्या सवयीवर ही सगळी ट्यूब चालते.

मी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून रात्री बघत बसले. झुरळाला लाल उजेड जवळपास दिसत नाही, त्यामुळे ते बिचकत नाही. ट्रॉलीच्या चॅनेलमधून एक पिल्लू निघालं, जेलच्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर थांबलं, मिशी आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग दोन्ही ठिपक्यावर. डोकं खाली घातलं आणि खाताना मागचं टोक किंचित वर-खाली होत राहिलं. पोट भरल्यावर मिशी तोंडातून ओढून साफ केली, एकदा एक, मग दुसरी. तेवढ्यात मागून मोठं आलं आणि त्याने याला ढकललं. नवरा म्हणाला, "झोप आता, सिनेमा नाहीये हा." मला मात्र कॉलेजातल्या त्या ट्रेची आठवण येत होती. तिथे आम्ही झुरळ उघडून आत काय आहे ते बघितलं, पण ते जेवतं कसं ते कुणी दाखवलं नव्हतं.

लावायची पद्धत. थोडे मोठे गोळे लावू नका, पुष्कळ छोटे ठिपके लावा, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठे. सापळ्याने दाखवलेल्या जागेच्या जितकं जवळ तितकं चांगलं. अंधारात, फटीच्या तोंडाशी. ओल्या जागी नको, शेगडीजवळच्या तापणाऱ्या पत्र्यावर नको, आणि जिथे तुमचा किंवा कामवाल्या ताईंचा फडका रोज फिरतो तिथे तर नकोच. आमच्याकडच्या मावशींनी पहिल्या खेपेला सगळे ठिपके "काहीतरी चिकट लागलंय" म्हणून प्रामाणिकपणे घासून काढले. आरओच्या आत मी जेल लावलं नाही. पाण्याच्या यंत्रात औषध नको. मशीन उतरवलं, आतून पुसलं, जोड बदलून घेतला आणि ठिपके त्याच्या मागच्या भिंतीवर, खालच्या कोपऱ्यांत लावले.

आणि सगळ्यात मोठी अट: जेल लावलं त्या भागात स्प्रे, खडू, फिनेल काही नाही. वास लागला की झुरळ त्या ठिपक्याकडे फिरकत नाही आणि तुमचे दोनशे रुपये सुकून जातात.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी ओट्यावर मेलेली आणि अर्धमेली झुरळं दिसतील, भलत्या वेळी उजेडात डगमगत चालणारीही दिसतील. घाबरू नका, ते व्हायलाच हवं. आठवड्याभरात फरक दिसतो. पण डब्यांमधली अंडी शिल्लक असतात, ती पुढे फुटतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ठिपके द्यायचे. इथेच लोक सोडून देतात आणि "जेलने काही होत नाही" असं सांगत फिरतात. ठिपके जसेच्या तसे राहिले, खाल्लेच गेले नाहीत, तर मात्र औषध बदला, नुसती कंपनी बदलू नका. १९९३ मध्ये अमेरिकेत अशी जर्मन झुरळं नोंदवली गेली ज्यांनी ग्लुकोज खाणंच सोडलं होतं, कारण आमिषात ग्लुकोज असायचं. २०१३ मध्ये कळलं की त्या झुरळांच्या चवीच्या पेशींना ग्लुकोज चक्क कडू लागतं. इतक्या झटपट शहाणा होणारा प्राणी घरात आहे हे लक्षात ठेवलेलं बरं.

पेस्ट कंट्रोलची सेवा मी दोघांची घेतली. दोन्हींची नावं लिहीत नाही, कारण नाव तेच राहतं आणि येणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

पहिली मोठी जाहिरात करणारी, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट अडीच हजार. मुलगा पाठीवर पंप घेऊन आला, बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. "ताई, हर्बल आहे, वासच येत नाही. भांडी काढायची पण गरज नाही." म्हटलं, औषधाची बाटली दाखव, लेबल बघते. बाटली गाडीत होती. गाडी खाली होती. खाली जाऊन आणतो म्हणाला आणि आणली नाही. ओट्याखाली, दारांच्या चौकटींवर भराभर फवारा मारून निघाला. ट्रॉली एकही ओढली नाही. पाचपैकी शून्य देता येत नाही म्हणून एक. तुम्हीही लेबल मागा. मागायचा तुम्हाला अधिकार आहे आणि परवाना असलेल्याला दाखवायला लाज वाटत नाही. विशेषतः उग्र वासाचं काही मारलं जात असेल तर विचाराच. डायक्लोरव्हॉस, जे जुन्या लोकांना नुवान म्हणून माहीत आहे, ते देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे.

दुसरे एक दादा, साठीच्या आसपासचे, एकटेच येतात. त्यांनी पंप आणलाच नव्हता. टॉर्च, जेलची गन, एक जुना पेंट ब्रश आणि गुडघ्याखाली घ्यायला पोतं. ट्रॉल्या रुळावरून उचलून बाहेर काढल्या, चॅनेल ब्रशने झाडून विष्ठा कागदावर घेतली, मग ठिपके. मी म्हटलं, "दादा, थोडा स्प्रेही मारा की, समाधानासाठी." ते म्हणाले, "समाधान पाहिजे तर अगरबत्ती लावा. स्प्रे मारला तर माझं जेल वाया." बाराशे रुपये घेतले आणि महिन्याने स्वतःहून फोन करून दुसऱ्या खेपेला आले. जे त्यांनी केलं ते तुम्ही स्वतः करू शकता, पण चाळीस किलोच्या ट्रॉल्या रुळावर परत बसवायचा कंटाळा असेल तर बाराशे जास्त नाहीत.

झुरळं कमी झाल्यावरही त्यांची विष्ठा आणि काती राहतात, आणि दमा असलेल्यांना त्याचाच त्रास होतो. माझ्या मुलीला बालदमा होता. म्हणून ती भुकटी कोरड्या झाडूने उडवायची नाही, नाकाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याने पुसून काढायची.

आता ती परत येऊ नयेत म्हणून. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पाणी बंद करण्याचा. जर्मन झुरळाची मादी पाणी असेल तर अन्नाशिवाय महिनाभर सहज काढते, पण अन्नपाणी दोन्ही नसेल तर दोन आठवडेही निघत नाहीत. म्हणून रात्री शेवटचं काम सिंक कोरडं पुसणं आणि ओला पोछा बाल्कनीत वाळत टाकणं. खरकट्याची बादली झाकणाची. खालच्या दुकानातून किराणा पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायचा, आता खोकं जिन्यातच रिकामं करते, कारण पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये डब्या आणि पिल्लं घरपोच येतात. अंड्यांचे ट्रेही तसेच. गॅसच्या नळीचं भोक एम-सीलने बुजवलं, ओटा आणि टाइल्समधली फट व्हाइट सिमेंटने. मोरीला बारीक भोकांची जाळी, आणि जे बाथरूम वापरात नाही तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, नाहीतर आतलं पाणी सुकतं आणि चेंबरपासून मोरीपर्यंत रस्ता मोकळा होतो.

डक्टचं काय करायचं हा प्रश्न एकटीने सुटत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दर महिन्याला स्प्रे मारतात आणि त्यांच्याकडची माझ्याकडे येतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तेव्हा सेक्रेटरी काका म्हणाले की पार्किंगचा विषय आधी आहे. पार्किंग सुटलेलं नाही, पण काकांच्या घरीच सापळा ठेवून दिला आणि सकाळी तो त्यांनीच मला आणून दाखवला. आता चेंबरना औषध आणि डक्टलगतच्या आठ घरांत एकाच दिवशी जेल ठरलंय. त्याचा वेगळा रिव्ह्यू लिहीन.

जेलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ट्यूबच्या तोंडासाठी. वीस ग्रॅम एका स्वयंपाकघराला एका वेळी लागत नाही, उरलेलं ठेवलं की नळीतलं जेल सुकून दगड होतं आणि पुढच्या वेळी दाबल्यावर मागूनच फुटतं. टोपण घट्ट लावा, तोंडाशी सुकलेला भाग टाचणीने काढा, आणि शक्य असेल तर शेजारणीबरोबर मिळून एक ट्यूब घ्या.